बिल्टीच्या पाठीवरचा कायदा
(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रान्सपोर्टच्या कचेरीत माल नोंदविला की हातात एक कागद पडतो. त्याला सारा विदर्भ बिल्टी म्हणतो. तिच्या पुढच्या बाजूस माल पाठविणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नग, वजन आणि भाडे लिहिलेले असते. ही बाजू सर्वजण वाचतात. मागच्या बाजूस मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, पंधरा-वीस अटी छापलेल्या असतात. ही बाजू कोणीच वाचत नाही. माल सुखरूप पोचला तर ती वाचण्याचे कारणही पडत नाही. परंतु माल भिजला, जळला, चोरीस गेला किंवा वाटेतच नाहीसा झाला, की त्या दिवसापासून पुढची बाजू निरुपयोगी ठरते आणि मागची बाजू बोलू लागते. ती सांगते की माल मालकाच्या जोखमीवर नेला होता, भरपाईला अमुक मर्यादा आहे आणि दावा करावयाचा असेल तर दूरच्या अमुक शहरातील न्यायालयातच करावा लागेल. या मागच्या बाजूमागे जो कायदा उभा आहे, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न वकिलांचा आहे, व्यापाऱ्यांचा आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. गोंदिया जिल्ह्यापुरते तरी हे म्हणणे टिकणारे नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला मोठे कारखाने आले नाहीत. वाट्याला आले ते धान, जंगल आणि रस्ते. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव या भागातील धान भातगिरण्यांत भरडला जातो आणि तांदूळ होऊन बाहेर पडतो. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव येथील जंगलातून उन्हाळ्यात तेंदूपत्ता निघतो. या पत्त्याच्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर कित्येक घरांची चूल पेटते. नागपूर ते रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग देवरीवरून जातो. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोंदियाला कोलकत्याच्या वाटेवर आणून ठेवले. पिकविणारा येथे आणि खाणारा दूर, अशी ज्या मुलखाची घडण आहे, तेथे वाहतुकीचा कायदा हा शेतीच्या आणि मजुरीच्या कायद्याइतकाच पोटाशी निगडित असतो.

या कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात आजच्या परिस्थितीचे मूळ आहे. सर्वांचा माल भाड्याने नेणारा जो वाहतूकदार, त्याची जबाबदारी इंग्लंडच्या न्यायालयांनी फार कडक मानली होती. १७०३ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी आणि १७८५ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी हे तत्त्व स्पष्ट केले. १७८५ च्या खटल्यात गाडीवानाने वाटेत ठेवलेला माल दुसरीकडे लागलेल्या आगीत जळाला होता. गाडीवानाची कोणतीही चूक नव्हती. तरीही त्याने भरपाई द्यावी, असा निर्णय झाला. दैवी आपत्ती आणि राजाचे शत्रू ही दोन कारणे सोडली, तर वाहतूकदार हा मालाचा जणू विमाच उतरवीत असतो, असा त्याचा आशय होता. यामागील विचार व्यवहारी होता. माल एकदा गाडीवर चढला की धन्याची नजर त्यावर राहत नाही. वाटेत काय घडले हे फक्त गाडीवानास ठाऊक असते. त्याने चोराशी संगनमत केले तर धन्याने ते सिद्ध कसे करावयाचे? ज्याच्या हाती माल त्याच्या माथी जोखीम, हा नियम त्यामुळे न्याय्य ठरतो.

तथापि वाहतुकीचा धंदा वाढला तसा धंदेवाल्यांचा आवाजही वाढला. इंग्लंडमध्ये १८३० साली वाहतूकदारांसाठी कायदा झाला आणि मौल्यवान मालाबाबत त्यांची जबाबदारी मर्यादित झाली. त्याच्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६५ चा वाहतूकदार कायदा आला. या कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. सोने, चांदी, मोती, घड्याळे, हुंड्या, अफू, रेशीम, शाली, हस्तिदंती वस्तू, अत्तर, इतकेच काय पण गोरोचनही तिच्यात होते. अशा वस्तूंची किंमत १०० रुपयांहून अधिक असेल आणि पाठविणाऱ्याने ती आधी सांगितली नसेल, तर वाहतूकदार जबाबदार नव्हता. १८६५ सालचे १०० रुपये ही मोठी रक्कम होती. कायदा रद्द होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड शतक, हा आकडा तसाच राहिला. एका राजवटीने घातलेली मर्यादा पुढच्या राजवटीने, स्वातंत्र्यानंतरही, बदलण्याची तसदी घेतली नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यात कोशाचे कापड विणणाऱ्या विणकराचे एक लुगडेदेखील या १०० रुपयांच्या पलीकडे केव्हाच गेले होते.

परंतु या वसाहतकालीन कायद्यात सामान्य माल पाठविणाऱ्याच्या बाजूच्या काही तरतुदी होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनुसूचीबाहेरच्या मालाची, म्हणजे धान, तांदूळ, तेंदूपत्ता, विडी अशा मालाची जबाबदारी केवळ जाहीर नोटीस लावून टाळता येत नव्हती. त्यासाठी मालकाची सही असलेला खास करार लागत असे. असा करार झाला तरी वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास त्याची सुटका नव्हती. गुन्हेगारी कृत्याबाबत तर कोणत्याच मालाच्या संबंधात सुटका नव्हती. शिवाय निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नव्हता. आपण काळजी घेतली हे वाहतूकदारानेच दाखवावयाचे होते. १८९१ साली इरावतीवरील आगबोट कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असाच निर्वाळा दिला, की सर्वांचा माल नेणाऱ्याची जबाबदारी करार कायद्यातील साध्या ठेवीदाराइतकी सौम्य नसून ती जुन्या कडक तत्त्वानेच मोजावयाची.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे काही महत्त्वाचे निर्णय दिले. १९९१ साली बोडिनायक्कनूर येथील वेलदोड्याच्या व्यापाऱ्याचा खटला पटेल रोडवेज या कंपनीविरुद्ध न्यायालयापुढे आला. बिल्टीवर छापले होते की दावा मुंबईच्याच न्यायालयात चालेल. न्यायालयाने म्हटले की कंपनीची शाखा जेथे आहे आणि माल जेथे स्वीकारला गेला, तेथील न्यायालयाचा अधिकार असा छापील अटीने हिरावून घेता येत नाही. २००० साली दोन निकाल झाले. एकात, माल मालकाच्या जोखमीवर असे बिल्टीवर लिहिले म्हणून वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून मुक्त होत नाही, असे ठरले. दुसऱ्यात, सिद्धतेचा भार वाहतूकदारावर असल्याचे तत्त्व ग्राहक न्यायमंचासमोरही लागू आहे, असे ठरले. दोन्ही प्रकरणांत वाहतूकदाराच्या गोदामात आग लागून माल जळाला होता.

याच्या उलट दिशेचा निर्णयही विसरता कामा नये. १९९६ साली निटवेअर निर्यात करणाऱ्या भारती निटिंग कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जर्मनीतील ग्राहकाकडे कुरियरने पाठविलेली कागदपत्रे पोचली नाहीत. तोपर्यंत हंगाम टळला आणि ग्राहकाने किंमत कमी दिली. परंतु कुरियरच्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि पावतीवर सही होती. ज्याने सही केली तो अटीने बांधला गेला, असे म्हणून ती मर्यादा कायम करण्यात आली. एका सहीची किंमत किती असते, हे या निकालावरून ध्यानात घ्यावे. निर्यातदाराला निदान इंग्रजी वाचता येते. ज्याला अटी वाचताच येत नाहीत, त्याच्या सहीला संमती म्हणावयाचे की शरणागती, हा प्रश्न उरतोच.

यानंतर संसदेने २००७ साली रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा केला. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला, त्याच साली त्याचे नियमही झाले आणि १८६५ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. वाहतूकदाराची नोंदणी सक्तीची झाली. दलाल, एजंट, बुकिंग कंपनी आणि कुरियर यांनाही वाहतूकदाराच्या व्याख्येत घेण्यात आले. त्यामुळे “गाडी आमची नाही, आम्ही फक्त बुकिंग केले” हा जुना बहाणा चालेनासा झाला. दावेदाराने निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, हे तत्त्वही टिकले. मात्र याच कायद्याने जबाबदारीला अशी एक मर्यादा घातली, की जिच्याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नियम असा आहे की वाहतूकदाराने भरपाई द्यावयाची ती भाड्याच्या दहापटीपर्यंत; आणि तीही माल सोपविताना सांगितलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. यापेक्षा जास्त संरक्षण हवे असेल तर पाठविणाऱ्याने वाढीव जोखमीचे जादा भाडे देण्याचे आधी कबूल केले पाहिजे. ठरलेल्या मुदतीनंतर माल पोचला आणि त्यामुळे नुकसान झाले, तर भरपाई भाड्याइतकीच.

भाड्याच्या दहापट हे शब्द कानाला भरघोस लागतात. त्यांचा हिशेब मांडून पाहावा. समजा, देवरीहून एका लहान उत्पादकाने १० क्विंटल तांदूळ नागपूरला पाठविला. तांदळाचा भाव क्विंटलला ४,००० रुपये धरला तर माल ४०,००० रुपयांचा झाला. भाडे क्विंटलला ८० रुपये धरले तर एकूण भाडे ८०० रुपये. गाडी वाटेत जळाली, तर कायद्याने मिळतील ८,००० रुपये, म्हणजे मालाच्या किमतीचा पाचवा हिस्सा. आता हाच तांदूळ एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने मुंबईस पाठविला आणि त्याला क्विंटलला ४०० रुपये भाडे पडले असे समजा. त्याची मर्यादा होईल ४०,००० रुपये, म्हणजे पूर्ण किंमत. तांदूळ तोच, पोती तीच, निष्काळजीपणाही तोच. फरक एवढाच, की एकाची बाजारपेठ जवळ आहे आणि दुसऱ्याची दूर.

आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, परंतु त्यांतून निघणारे तत्त्व नियमातच आहे. नुकसान मालाचे होते आणि भरपाई मात्र अंतराने मोजली जाते. जवळच्या बाजारात थोडा माल नेणारा शेतकरी, बचत गटाची स्त्री, लहान गिरणीवाला यांना सर्वांत कमी संरक्षण मिळते. भाडे कमी व्हावे म्हणून जो घासाघीस करतो, तो आपल्याच भरपाईची मर्यादा खाली आणीत असतो, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १८६५ च्या कायद्यात सामान्य मालाबाबत निष्काळजीपणा झाल्यास खास करारानेही जबाबदारी टाळता येत नव्हती. नव्या कायद्यात वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या नोकरांच्या गुन्हेगारी कृत्याचा निराळा उल्लेख आहे. परंतु निष्काळजीपणा झाल्यास दहापटीची मर्यादा गळून पडेल, असे स्पष्ट शब्दांत कोठेही म्हटलेले नाही. म्हणजे तांदळाच्या पोत्याला व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत जे कवच होते, ते प्रजासत्ताकाच्या कायद्यात पातळ झाले.

मुदतीचेही तेच. जुन्या कायद्यात नुकसान कळल्यापासून सहा महिन्यांत लेखी नोटीस द्यावयाची होती. नव्या कायद्यात माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत नोटीस दिली पाहिजे, अन्यथा दावाच चालत नाही. माल “येतो आहे, गाडी अडकली आहे, पुढच्या आठवड्यात पोचेल” असे सांगत महिने काढण्याची कला या धंद्यात सर्वांना अवगत आहे. नोंदणीच्या दिवसापासून घड्याळ चालू ठेवणे म्हणजे या टाळाटाळीला कायद्याने दिलेले बक्षीसच होय.

रेल्वेचा इतिहास याहून थोडा वेगळा आहे. १८९० च्या कायद्याखाली रेल्वेची जबाबदारी साध्या ठेवीदाराइतकीच होती, आणि स्वस्त दर हवा असेल तर मालधन्याकडून जोखीम-पत्र लिहून घेतले जाई. १९६१ च्या दुरुस्तीने १९६२ पासून रेल्वेवर सार्वत्रिक वाहतूकदाराची जबाबदारी आली. सध्याच्या १९८९ च्या कायद्यातही, मालाची किंमत नोंदविली नसेल तर मर्यादा आहेच; परंतु १९९० च्या नियमांनी ती वजनावर ठरविली, सामान्य मालास किलोला ५० रुपये. वरच्या उदाहरणातील १० क्विंटल तांदळास ही मर्यादा ५०,००० रुपये होते. मग तो तांदूळ नागपूरला जावो की हावड्याला. यापेक्षा मौल्यवान माल असेल तर किंमत नोंदवून शेकडेवारीचा आकार भरण्याची सोय आहे. नोटिशीची मुदत सहा महिने आहे आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे पीठ नागपूरला आहे. म्हणजे वजनाचे माप वापरणे अशक्य नाही. सरकार स्वतःच्या गाडीसाठी जे माप वापरते, तेच खाजगी ट्रकसाठी वापरावयास सरकारची हरकत का असावी?

अडचण अशी की लहान माणसाला ही रेल्वे आता मालासाठी मिळत नाही. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर एके काळी दोन-चार पोती घेऊन स्टेशनात जाता येत असे. आता लाइन रुंद झाली. परंतु मालगाडीचा व्यवहार पूर्ण रेकवर आला, आणि फुटकळ मालाला पार्सलखेरीज जागा उरली नाही. रेल्वेने ज्याला सोडले तो ट्रककडे गेला. त्यामुळे ज्याचा माल थोडा, त्यालाच कमी संरक्षणाचा रस्ता धरावा लागतो.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. युरोपातील देशांनी १९५६ साली जिनिव्हात रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा करार केला. त्यातही वाहतूकदाराच्या जबाबदारीला मर्यादा आहे. पण ती वजनावर आहे, भाड्यावर नाही. आणि वाहतूकदाराने जाणूनबुजून गैरवर्तन केले असेल तर तिचा आधार त्याला घेता येत नाही. भांडवलशाही देशांतील व्यापाऱ्यांनीही जेथे विवेक राखला, तेथे समाजवादी राज्यघटनेच्या प्रजासत्ताकाने त्याहून कमी का द्यावे?

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, नाही तर विचार एकांगी होईल. मर्यादा ही गोष्टच अन्यायाची, असे म्हणणे चुकीचे ठरेल. जिल्ह्यातील अनेक ट्रकमालक कर्जावर एक गाडी घेऊन स्वतःच स्टिअरिंगवर बसणारे आहेत. कोणी साध्या खोक्यात लाखाचा माल दडवून शंभर रुपये भाडे दिले आणि खोके हरवले, तर लाखाचा बोजा त्या गाडीवाल्यावर टाकणे योग्य नव्हे. किंमत सांगा, त्याप्रमाणे जोखीम घेतो, ही त्याची मागणी रास्त आहे. मर्यादेचे मूळ प्रयोजन हेच आहे, की जोखीम किती आहे हे आधी कळावे आणि तिचा विमा उतरविता यावा. परंतु पोत्यातील तांदूळ दडलेला नसतो. त्याचा भाव बाजारात सर्वांस ठाऊक असतो. तेथे अज्ञात जोखमीचा युक्तिवाद लागू पडत नाही. मर्यादा असावी, पण ती मालाच्या स्वरूपाशी आणि वजनाशी जोडलेली असावी, आणि निष्काळजीपणाला ती पाठीशी घालणारी नसावी, एवढाच वाद आहे.

मोठा व्यापारी या वादात फारसा पडत नाही, याचे कारणही समजून घ्यावे. तो मालाचा विमा उतरवितो. नुकसान झाले की विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून वाहतूकदाराशी भांडते. लहान माणसाजवळ विमा नसतो. त्याच्यापुढे फक्त बिल्टी असते. ग्राहक न्यायमंचाचा सुलभ मार्गही २००२ च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाला, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्यात आली. आपण व्यापारी नव्हे, पोटासाठी धंदा करणारे आहोत, हेच लहान उत्पादकाला आधी शाबीत करीत बसावे लागते.

आणि या साखळीच्या शेवटी जो उभा आहे, त्याचे नाव बिल्टीवर कोठेच नसते. तो म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल. वाहतूकदाराची जबाबदारी वरच्या बाजूला कायद्याने मर्यादित केली. परंतु खालच्या बाजूला ती पगारातून वसूल होते. दोन पोती कमी भरली, ड्रायव्हरच्या हिशेबातून कापा. ताडपत्री फाटली, क्लीनरच्या माथी मारा. १९३६ च्या वेतन कायद्याने अशा कपातीला अटी घातल्या होत्या आणि २०१९ च्या वेतन संहितेतही त्या आहेत: माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि कपात नुकसानीहून अधिक होता कामा नये. मालकाला भरपाईची मर्यादा ठाऊक असते, पण नोकराला आपल्या कपातीची मर्यादा ठाऊक नसते. शेतकरी आणि ट्रक ड्रायव्हर यांना एकमेकांसमोर उभे करून मधला दलाल मोकळा राहतो. या दोघांना एका बाजूस आणणे हे चळवळीचे काम आहे.

तेंदूपत्त्याचे उदाहरण घ्यावे. वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातील काही ग्रामसभा स्वतः पत्त्याची विक्री करू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे जंगलात जाऊन ही पाने खुडणाऱ्या, घरी त्यांचे पुडे बांधणाऱ्या आणि फळीवर वाळविणाऱ्या कुटुंबांचे श्रम त्या गोणीत असतात. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस आला आणि ट्रकवर ताडपत्री नसली, तर पत्ता काळा पडून जातो. वाहतूकदार म्हणतो, पाऊस म्हणजे दैवी आपत्ती. कायद्याचे प्रस्थापित तत्त्व असे नाही. जे अपेक्षित आहे आणि साध्या काळजीने टाळता येते, ते दैव नव्हे. या मुलखात मे-जूनमध्ये पाऊस येतो, हे पोरासही ठाऊक आहे. ग्रामसभेने विक्रीचा करार करताना माल फळीवरून उचलल्यावर जोखीम कोणाची, हा प्रश्न लेखी सोडवून घेतला पाहिजे. तसे झाले नाही तर जंगलावरील हक्क मिळूनही त्याचे मोल वाटेत पाण्यात जाईल.

मागण्या कोणत्या असाव्यात, हे यावरून स्पष्ट होते. भरपाईची मर्यादा भाड्याच्या पटीत न ठेवता वजनावर ठेवावी आणि ठरावीक काळाने तिचा फेरविचार करण्याचे बंधन कायद्यातच असावे. १०० रुपयांचा आकडा दीड शतक अडून राहिला ही चूक पुन्हा होऊ नये. निष्काळजीपणा आणि संगनमत असेल तेथे मर्यादा लागू होऊ नये. नोटिशीची मुदत नुकसान कळल्यापासून मोजावी. धान्य आणि वनोपज यांच्या लहान मालासाठी सहकारी संस्थांमार्फत सामूहिक विमा असावा, आणि एक गाडीवाल्या ट्रकमालकालाही त्यात सामावून घ्यावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या कायद्याने दिलेली हत्यारे वापरात आणावयास हवीत. वाढीव जोखमीचे दर वाहतूकदाराला आकारावयाचे असतील, तर त्याने कचेरीत त्यांची सूचना इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत लावली पाहिजे, असे कायदाच सांगतो. म्हणजे महाराष्ट्रात ती मराठीत लागली पाहिजे. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी येथील किती कचेऱ्यांत अशी मराठी पाटी आहे, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे, नोंद करावी आणि नसेल तेथे लेखी मागणी करावी. नोंदणीचा क्रमांक विचारावा. माल सोपविताना त्याची किंमत कागदावर लिहिण्याचा आग्रह धरण्यास गावोगाव शिकवावे. “किंमत लिहू नका, भानगड वाढते” असे सांगणाऱ्याचा हेतू ओळखावा. कागद वाचून दाखविल्याखेरीज कोणाचा अंगठा किंवा सही होऊ देऊ नये. नुकसान झाल्यास तोंडी आश्वासनांवर न थांबता आठ दिवसांत रजिस्टर टपालाने नोटीस पाठवावी आणि तिची पोच जपून ठेवावी. न्यायालय दूरच्या शहरात आहे असे कोणी सांगितले तर १९९१ चा निकाल पुढे करावा. ड्रायव्हरच्या पगारातून कपात झाली असेल तर त्यालाही कागद लिहून द्यावा, कारण त्याचे आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणे एकाच कचेरीतले आहे.

ही कामे लहान आहेत. त्यांत घोषणा नाहीत आणि मिरवणुका नाहीत. परंतु सामान्य माणसाला कायदा आपला वाटू लागतो तो अशाच कामांतून. पुढल्या हंगामात धान भरडला जाईल, पोती शिवली जातील आणि गाड्या महामार्गाला लागतील. त्या वेळी जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात बिल्टी उलटून वाचणारे आणि दुसऱ्याला वाचून दाखविणारे निदान दहा कार्यकर्ते तयार असले पाहिजेत.